श्रावण पाळतो म्हणजे नेमकं काय करतो?

आषाढ संपत आला की कोकणातल्या मासळी बाजारात एक गंमत दिसते. समुद्र सरकारने बंद केलेला असतो आणि यांत्रिक बोटी किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवलेल्या असतात. पाट्यांमध्ये दिसते ती खाडीची मासळी, बिगरयांत्रिक होडीवाल्यांनी किनाऱ्यालगत धडपड करून आणलेलं थोडंफार, आणि बाकी बाहेरगावाहून बर्फात आलेला माल. भाव विचारायची सोय नसते. तरी दीप अमावस्येच्या आधीच्या रविवारी झुंबड उडते, मटणाच्या दुकानासमोर रांग लागते. मावशीही पाटीमागून ऐकवते, "घेवा वो, मगे तुमचो श्रावण." म्हणजे ज्याला दीड-दोन महिने ताजी मासळी धड मिळालेली नाही तोच माणूस, ती पुन्हा मिळायला लागणार त्याच सुमारास, आपण होऊन ती सोडतो.

एकाच तुकडीवर दोन बंद्या, एक कायद्याची आणि एक देवाची. दोन्हींना आपण "पाळणं" म्हणतो. शिवाय एकादशी पाळतो, सुतक पाळतो, डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य पाळतो, कुणी माळ घातल्यावर दारू-मटण आयुष्यभर पाळतो. या सगळ्याची एकच पुडी बांधली की वाद सुरू होतात. हा म्हणतो ढोंग आहे, तो म्हणतो विज्ञान आहे. माझं म्हणणं एवढंच की यात इच्छाशक्तीचा भाग आपण समजतो त्यापेक्षा बराच कमी आहे आणि व्यवस्थेचा जास्त. कधी सुरू, कधी संप, कोण सोबत आणि कोणाला सूट, हे आधी ठरलेलं असतं म्हणून माणसांना ते जमतं.

सोडण्याचे प्रकार

श्रावणात आपण पदार्थ सोडतो, जेवण नाही. वशाट, म्हणजे मासे-मटण, बंद, पण भात दोनदा घ्या, कुणी अडवत नाही. उपवासात उलट असतं. तिथे वेळ आणि प्रमाण बांधलेलं असतं, आणि काय चालतं त्याची वेगळी यादी असते. उपवास सोडायची वेळही प्रत्येकाची निराळी. श्रावणी सोमवार त्याच संध्याकाळी सुटतो, एकादशी दुसऱ्या दिवशी द्वादशीला सुटते, संकष्टी चंद्रोदयाला. (कोकणात पावसाळ्यात चंद्र बघून संकष्टी सोडायची म्हटली तर माणूस उपाशी झोपेल. म्हणून सगळे कालनिर्णयात छापलेली वेळ बघतात, आणि देवही ते चालवून घेतो.) तिसरा प्रकार कायमचा. वारकऱ्याने तुळशीची माळ घातली की मासे, मटण, दारू सुटलं. तिथे महिना नाही, वार नाही. माळ घातलेला माणूस लग्नाच्या पंगतीत पहिल्यांदा वाढप्याला विचारून घेतो, कारण त्याच्या बाबतीत चुकून झालेलंही मोडण्यातच जमा होतं.

रोमन कॅथलिक चर्चने पहिल्या दोन प्रकारांतला फरक नियमातच लिहून ठेवला आहे. मांस वर्ज्य करणं ही एक गोष्ट, ती 14 वर्षं पूर्ण झाल्यापासून लागू होते. उपवास, म्हणजे दिवसात एकच पूर्ण जेवण, ही दुसरी गोष्ट. ती 18 ते 59 वयाच्या लोकांसाठी, राखेच्या बुधवारी (ॲश वेन्सडे) आणि उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडे). मजा पुढे आहे. त्यांच्या नियमात मांस वर्ज्य असलं तरी मासा चालतो. म्हणजे वेंगुर्ल्याच्या किंवा वसईच्या ख्रिस्ती घरात प्रायश्चित्तकाळातल्या (लेंटमधल्या) शुक्रवारी बांगड्याची कढी होऊ शकते, आणि शेजारच्या हिंदू घरात श्रावणात तोच बांगडा उंबऱ्याच्या आत येत नाही. दोघंही निष्ठेने पाळतायत. मासा त्याग करण्याजोगी चैन आहे की चैन सोडल्यावर उरणारं साधं अन्न, याचं उत्तर दोन धर्मांनी वेगळं दिलं आहे.

या किनाऱ्यावर अशी उत्तरं पुष्कळ आहेत. रत्नागिरीकडचे दालदी मुसलमान पिढ्यान् पिढ्या मासेमारी करतात. रमजानमध्ये पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्न नाही आणि पाणीही नाही. बोटीवर, उन्हात, खारट वाऱ्यात पाण्याचा घोट नाही म्हणजे काय, हे एसीत बसून उमगत नाही. हिजरी वर्ष साधारण 354 दिवसांचं आणि त्यात अधिक महिना घालत नाहीत. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि सुमारे 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. कोकणात जूनमधला दिवस 13 तासांच्या आसपास, डिसेंबरमधला 11 तासांचा. पहाटेचा तासभर आणखी धरा. म्हणजे एकाच माणसाच्या आयुष्यात सोपा रोजाही येतो आणि कठीणही. आजारी माणूस, प्रवासी, गरोदर बाई यांना सूट असते, चुकलेले रोजे नंतर भरून काढता येतात.

आणि रायगडातले बेने इस्राएल. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला आपल्या पूर्वजांचं जहाज फुटलं असं त्यांची परंपरा सांगते. गावोगाव तेलाचे घाणे चालवत, पण शनिवारी घाणा बंद. म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. नाव पडलं ते काय करतात यावरून जितकं, तितकंच काय करत नाहीत यावरून. त्यांच्या धर्मात ज्या माशाला पर आणि खवले दोन्ही आहेत तोच चालतो. आता बघा, कोळंबी गेली, कुर्ल्या गेल्या, तिसऱ्या गेल्या, माकुल गेलं, मुशी गेली. रायगडच्या किनाऱ्यावर राहून कोळंबी न खाणं हा श्रावणापेक्षा फार मोठा वसा आहे, आणि तो बारमाही. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या दुःखाचा त्यांचा एक उपवास साधारण जुलै-ऑगस्टमध्ये येतो. बेने इस्राएल त्याला बिरड्याचा रोजा म्हणत. उपवास यहुदी, रोजा हा शब्द मुसलमान शेजाऱ्यांकडचा, आणि सोडायला वालाचं बिरडं. ज्या दिवसांत शेजारणी श्रावण म्हणून वाल सोलत बसलेल्या, त्याच दिवसांत. बहुतेक कुटुंबं 1948 नंतर इस्राएलला गेली, तरी अलिबाग, पेण, रेवदंडा भागात त्यांची सिनेगॉग आहेत.

महाड, मंडणगड भागातल्या बौद्ध घरांत श्रावणाचा संबंध नाही. पण पंचशील रोज म्हटलं जातं, आणि त्यातली पाचही शीलं हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं बोलणं आणि मद्य यांपासून दूर राहण्याचीच आहेत. आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यातलं. 1956 साली नागपूरला त्यांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. या प्रकारात पदार्थाला महत्त्व कमी, शुद्धीवर असण्याला जास्त.

पूर्वजांना माहीत होतं का?

दरवर्षी श्रावण लागला की मोबाईलवर एक संदेश फिरतो: पावसाळ्यात मासे अंडी घालतात, म्हणून आपल्या शहाण्या पूर्वजांनी श्रावणात मासे वर्ज्य केले. ऐकायला छान वाटतं. किनाऱ्यावर राहणाऱ्याने मात्र हा संदेश पुढे पाठवण्याआधी जरा थांबावं.

आपल्या बऱ्याच मासळीच्या विणीचा काळ पावसाळ्यात किंवा त्याच्या आसपास येतो, हे खरं. प्रत्येक जातीचं वेळापत्रक मात्र वेगळं असतं, आणि काही जाती वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा वितात. म्हणूनच पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस बंदी आहे. महाराष्ट्रात तिला सागरी मासेमारी नियमन अधिनियम, 1981 चा आधार आहे. त्या बंदीमागे विणीचा विचार आहे आणि खवळलेल्या समुद्रात माणसं जाऊ नयेत हाही. पण श्रावण कधी येतो? जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत केव्हातरी सुरू होतो आणि पुढे महिनाभर चालतो. म्हणजे सरकारी बंदी उठते तेव्हा याची बंदी सुरू होते. 2023 साली तर श्रावण अधिक होता. 18 जुलै ते 16 ऑगस्ट अधिक श्रावण, आणि 17 ऑगस्टपासून निज, म्हणजे नेहमीचा श्रावण. घराघरांत खल झाला, दोन्ही पाळायचे की एकच? बहुतेकांनी निज पाळला आणि 1 ऑगस्टपासून 16 ऑगस्टपर्यंतची बोनसची मासळी खाऊन घेतली. मासे पंचांग बघून वीत नाहीत.

दुसरं, चढणीचे मासे. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की नदी-ओढ्यांतले मासे प्रवाहाच्या उलट शेतात चढतात ते अंडी घालायलाच. पोटं गाभोळीने टच्च भरलेली. आणि नेमकी तेव्हाच अख्खी वाडी बॅटऱ्या, काठ्या, जाळी घेऊन रात्री बाहेर पडते. पूर्वजांना गाभोळी वाचवायची असती तर वर्ज्य मृगात सांगितलं असतं.

तिसरं, श्रावणात बोकड आणि कोंबडीही वर्ज्य असते. बोकड श्रावणात अंडी घालत नाही, एवढं तरी सर्वमान्य असावं.

आयुर्वेदाचं म्हणणं वेगळं. वर्षा ऋतूत जठराग्नी मंद असतो, म्हणून हलकं खावं असं तो सांगतो. ते मासळीपुरतं नाही, आणि साबुदाणा वड्याला तर त्यातून मुळीच परवाना मिळत नाही. शिवाय जुन्या काळी पावसाळ्यात शिडाची होडी समुद्रात जातच नव्हती. ताजी मासळी नसल्यामुळे घराघरांत सुकट, सोडे, खारवलेला बांगडा भरून ठेवलेला असे. श्रावणात तेसुद्धा खात नाहीत. त्याने समुद्रातला एकही मासा वाचत नाही, कारण तो मे महिन्यातच वाळवून डब्यात गेलेला असतो. श्रावण हा सणावारांचा, पूजेचा महिना. पूजेच्या काळात घर सोवळं ठेवायचं, हे कारण पुरेसं आहे आणि प्रामाणिकही. त्याला प्रयोगशाळेचं शिफारसपत्र जोडायची गरज नाही. कोळ्यांच्या बाजूने बघितलं तर हिशोब आणखी वेगळा. त्यांचा वर्षाचा सांधा नारळी पौर्णिमेला आहे, समुद्राला नारळ दिला की होडी बाहेर. अनेक कोळी घरांत श्रावण अख्खा पाळत नाहीत, वारच तेवढे पाळतात. ज्याच्या घरी मासा म्हणजेच धान्य, त्याला महिनाभर धान्य सोडायला कोण सांगणार?

पदार्थ सुटतो, चव राहते

भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात एक फार व्यवहारी निरीक्षण आहे. जो आहार घेत नाही त्याच्यापासून विषय दूर होतात, पण त्यांची गोडी दूर होत नाही, "रसवर्जं". ज्याला हे कळायचं असेल त्याने श्रावणात कोकणातल्या स्वयंपाकघरात डोकावावं.

वशाटाची विळी, माशाचं मडकं, तवा, सगळं घासूनपुसून मागच्या पडवीत फळीवर उपडं घातलेलं असतं. ओटा पुसलेला, मसाल्याचा डबा नवा भरलेला. इथवर सगळं शुद्ध. मग कांदा-खोबरं भाजायला घेतात. (कांदा-लसूण चातुर्मासात सोडणारी घरं वेगळी. त्यांनी आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, भजी खाऊन निरोप घेतलेला असतो.) खोबरं तांबूस होतं, त्यात धणे, मिरी, लवंग, बडीशेप पडते, पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये गंधासारखं वाटण होतं, आणि ते काळ्या वाटाण्यात पडतं. वास मागच्या दाराने थेट माडाखाली जातो. तो वास सागुतीचाच, म्हणजे मटणाच्या रश्श्याचाच आहे, फक्त सागुती नाही. अळंब्यांचं सुकं त्याच वाटणात होतं. तिरफळं घातलेली आमटी बांगड्याची वाट बघत असल्यासारखी लागते. जिभेला फसवायची ही कला आम्ही महिनाभर मनापासून करतो. कुणी याला पळवाट म्हणेल. मला तर ही व्यवस्था शहाणपणाची वाटते, कारण पदार्थ काढून तिथे पोकळी ठेवली तर ती फार दिवस टिकत नाही. तिथे काहीतरी घालावंच लागतं. सिगरेट सोडणाऱ्याच्या खिशात बडीशेप का असते, त्याचं कारण हेच.

उपवासाची यादी तर इतिहासाचा नमुनाच आहे. साबुदाणा ज्या कसाव्यापासून होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा, रताळं, शेंगदाणा आणि मिरची, हेही अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या आणि इतर युरोपीयांच्या जहाजांतून आले. म्हणजे साबुदाण्याच्या खिचडीतला जवळजवळ प्रत्येक मुख्य जिन्नस पाचशे वर्षांपूर्वी इथे नव्हता. जुनी यादी म्हणजे वरी, सुरण, करांदे, कणग्या, केळी, दूध. नवे कंद आले, ते धान्य नव्हते, म्हणून उपवासाला चालले. हळद चालत नाही, हिंग चालत नाही, कोथिंबीर एका घरात चालते आणि शेजारच्या घरात नाही. यात तर्क शोधू नये, सासरची पद्धत विचारावी.

पोषणाचं बघायचं तर 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साधारण 350 कॅलरी असतात आणि प्रथिनं एक ग्रॅमही नसतात. वर तूप, दाणे, बटाटा. "एकादशी आणि दुप्पट खाशी" ही म्हण कुणा नास्तिकाने केलेली नाही, आपल्याच आज्यांनी केली आहे.

मोडलं तर?

व्यसनाच्या बाबतीत हे सगळं गंभीर होतं. ॲलन मार्लाट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दारू सोडलेली माणसं पुन्हा का पितात याचा अभ्यास केला. त्यांनी दाखवून दिलं की पहिल्या घोटाने होणाऱ्या नुकसानापेक्षा त्या घोटानंतर मनात येणारा विचार जास्त घातक असतो: "मोडलंच आहे, मग आता काय!" पेला एकच असतो, पण माणूस स्वतःला नापास ठरवतो आणि बाटली संपवतो. ही मनाची चाल आपल्याला नवी नाही. सोमवारी चुकून बिस्किट तोंडात गेलं की "आता मोडलाच" म्हणत पोळी-भाजीला बसणारे आपण सगळे आहोत. उपवासाच्या बाबतीत नुकसान शून्य. दारूच्या बाबतीत त्याच विचाराने घर बसतं. म्हणून व्यसनमुक्तीत घसरण झाली तर ती लपवू नये, त्याच दिवशी कुणाला तरी सांगावी, असं शिकवतात. 1935 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची रीत "फक्त आजचा दिवस" अशी आहे. आयुष्यभराची शपथ जड होते, चोवीस तासांची उचलता येते.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने श्रावण लागला म्हणून एका झटक्यात दारू बंद करणं धोक्याचं असतं. काही तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भास आणि भ्रम सुरू होऊ शकतात. वेळेत उपचार नाही झाले तर जीव जातो. गावात याला "बाधा झाली" म्हणतात आणि माणसाला भलत्याच ठिकाणी नेतात. ही बाधा नाही, मेंदूची सवय एकदम तुटल्याची प्रतिक्रिया आहे आणि तिच्यावर औषध आहे. सोडायची तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. दुसरीकडे, फक्त गटारीला आणि शिमग्याला पिणाऱ्याने श्रावण पाळला म्हणजे व्यसन सुटलं, असाही समज करून घेऊ नये. महिनाभर कॅलेंडरवर फुल्या मारत काढणाऱ्याला आपलं उत्तर आतून माहीत असतं.

कायद्याने सोडवण्याचे प्रयत्नही झाले. 1949 चा मुंबई दारूबंदी अधिनियम नाव बदलून आजही लागू आहे, आणि कागदोपत्री महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो. तो किती जणांच्या खिशात असतो हे विचारू नये. त्यापेक्षा बायकांच्या मतदानाची तरतूद जास्त खरी वाटते. गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीच्या चित्रावर शिक्का मारला तर दुकान बंद. ज्यांच्या घरात त्या दारूचे परिणाम दिसतात, त्या ठरवतात.

सगळ्यांनी मिळून

मालवण तालुक्यातल्या आचऱ्याची गावपळण बऱ्याच जणांना ऐकून माहीत असते. काही वर्षांच्या अंतराने, रामेश्वराचा कौल घेऊन, अख्खं गाव तीन दिवस आणि तीन रात्रींसाठी गाव सोडतं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री सगळी. वेशीबाहेर राहुट्या पडतात, चुली मांडतात, रात्री भजनं आणि दशावतार रंगतो. गावात चूल नाही, दिवा नाही. चिंदर आणि वायंगणीतही अशी प्रथा आहे. वर्ज्य पदार्थाचं ऐकलं होतं, इथे गावच वर्ज्य! भुताखेतांची कारणं सांगतात, पर्यावरणाचीही सांगतात, मला दोन्हींची फारशी गरज वाटत नाही. एखाद्या कुटुंबाने एकट्याने तीन दिवस घर सोडून माळावर राहायचं ठरवलं तर लोक वेड्यात काढतील. सगळे निघाले की ती जत्रा होते.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावमध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायचं गावाने ठरवलं, ही बातमी 2022 साली गाजली. युक्ती तीच. मुलाला एकट्याला "मोबाईल ठेव" सांगून जे होत नाही, ते भोंग्याने होतं. कारण तेव्हा मित्रांचाही बंद असतो.

आणि याच सामूहिकतेची दुसरी बाजू. धोंडो केशव कर्वे हे दापोली तालुक्यातल्या मुरुडचे. 1893 मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं आणि मुरुडने त्यांना वाळीत टाकलं. त्या काळची ब्राह्मण विधवा काय काय पाळायची? एकवेळचं जेवण, केशवपन, आलवण (विधवेचं तांबडं लुगडं), सणासमारंभातून बाजूला. लहानपणी नवरा गेलेल्या मुलीने हे कधी निवडलं? आणि ते संपायचं कधी? श्रावणाला अमावस्या असते, रोज्याला मगरीबची अजान असते, सुतकाला दहावं-तेरावं असतं. तिच्या व्रताला शेवटच नव्हता. आजही एखादं व्रत आहे की जबरदस्ती, हे ओळखायला मी हेच दोन प्रश्न विचारतो: ते कुणी ठरवलं, आणि सुटायची तारीख आहे का. शहरातली सोसायटी "मासे खाणाऱ्यांना जागा नाही" म्हणते तेव्हा ती स्वतः काहीच सोडत नसते, दुसऱ्याला सोडायला लावत असते.

त्या मानाने आमच्या गौरी समंजस. भाद्रपदात गणपती बसलेला असताना कोकणातल्या कित्येक घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य लागतो, मटणाचा किंवा कुर्ल्यांचा. लेकाला शिवराक (शाकाहारी), आईला वशाट, दोघं एकाच घरात. काही घरांत त्या वेळी मध्ये पडदा ओढतात.

पोटाचं काय?

निरोगी माणसाला एक दिवस कमी खाल्ल्याने काही होत नाही. यकृतात साठवलेली साखर काही तास पुरते, ती संपत आली की शरीर चरबी वापरायला लागतं. फक्त ते व्हायला पोट खरंच रिकामं असावं लागतं. दर दोन तासांनी वेफर्स, केळं, चहा, खिचडी असा उपवास केला तर शरीराला उपवासाचा पत्ताही लागत नाही.

मधुमेहाची गोष्ट वेगळी. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी उपवासाच्या आदल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारून डोस बदलून घ्यावा. उपवास आहे म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करणं आणि गोळी घेऊन उपाशी राहणं, दोन्ही वाईट. थरथर, दरदरून घाम, छातीत धडधड, बोलण्यात असंबद्धपणा दिसला तर ती देवाची परीक्षा नाही. साखर 70 च्या खाली गेली असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायला द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची, आणि वर काहीतरी खायला घालायचं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. त्या दिवसाचा उपवास तिथेच सुटला. पुढची एकादशी पंधरा दिवसांवर असते.